तात्यांचा कप

परवा रुवैसला, मी आता नोकरी करते त्या शाळेच्या छोट्याशा ऑफिसात मी डबा उघडला आणि फोन वाजला. अजमानच्या आमच्या जुन्या इमारतीतल्या मराठी ग्रुपवर निशिकांतचा मेसेज होता. 'माझे वडील श्री. गंगाधर मंद्रूपकर यांचे आज सकाळी अल्पशा आजाराने निधन झाले.' मी वाचलं आणि चक्क विचार केला, हे गंगाधर मंद्रूपकर कोण?

त्या इमारतीत सातव्या मजल्यावर, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये, गंगाधर मंद्रूपकर नावाचं कुणी राहतच नव्हतं. राहत होते ते गंगाधर कांबळे. सोलापूरचे कांबळे मास्तर, आमचे तात्या. मेसेजखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. 'ओम शांती मंद्रूपकर काका.' तात्या जन्मभर बुद्धवंदना म्हणणारे, त्यांच्या वाट्याला शेवटी ओम शांती आली आणि तीही दुसऱ्याच्या नावावर. मला रडू यायच्या आधी राग आला. डबा तसाच झाकून ठेवला.

तात्या पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये. निशिकांत त्यांना एअरपोर्टवरून घेऊन येत होता. उंच, काटकुळा माणूस, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि बाहेर जून तापलेला असताना अंगात निळा हातविणीचा स्वेटर, कारण विमानातल्या एसीनं त्यांना आधीच गारठवलं होतं. डाव्या कानाखालून कॉलरच्या आत गेलेला भाजल्याचा जुना डाग होता. माझ्या हातातली कोथिंबीर आणि कपाळावरची टिकली बघून मी मराठी असल्याचं त्यांनी ताडलं असावं. हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम, ताई!"

लिफ्टमध्ये एक फिलिपिनो बाई होती, ती दचकली. निशिकांत नको इतका खोकला. मी गडबडीत "नमस्कार" म्हणाले. तात्यांचा आवाजच तसा होता. माईक नसलेल्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय झालेला. लिफ्ट असो, लिव्हिंग रूम असो की दवाखाना, त्यांना हळू बोलता येत नसे. पुढे पुढे आमच्या मजल्यावरच्या दारांना कान लावावे लागत नसत, तात्या घरात काय बोलतायत ते सगळ्यांना आपोआप कळे.

त्याच संध्याकाळी निशिकांत आमच्याकडे आला. माझा नवरा चार तासांवरच्या रुवैसच्या रिफायनरीत, आठवडाभर तिकडेच. त्यामुळे बोलायचं ते माझ्याशीच. चपला घालून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, एक रिक्वेस्ट होती. पप्पा जे लिफ्टमध्ये बोलले ना, ते प्लीज आपल्यातच ठेवा. मंडळात वगैरे नको. तुम्हाला माहितीये लोक कसे असतात." त्यानं गॅझेटमध्ये आडनाव कधीच बदलून घेतलं होतं, गावाच्या नावावरून. इथे सगळे त्याला मंद्रूपकर म्हणूनच ओळखत. मी म्हटलं, मला कुणाला काय सांगायचंय? आणि खरंच मी कुणाला सांगितलं नाही. पण तात्यांचं काय?

तात्यांना चार दिवसांनी मीच चहाला बोलावलं. दारावरची पाटी वाचत ते आत आले. "देशपांडे! मग तर तुमच्याकडचा चहा प्यायलाच पाहिजे की ओ," म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. चहा संपला, गप्पा झाल्या, जाताना त्यांनी माझ्या टीपॉयवर माझ्या मुलानं सांडलेला चिवडा गोळा केला, वर्तमानपत्राची घडी घातली, सोफ्यावरची उशी सरळ केली. कप मात्र होता तिथेच ठेवला. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पाहुणा कप उचलतो थोडाच?

वेगळं आहे ते कळलं मृणालकडून, त्यांच्या सुनेकडून. लिफ्टची वाट बघताना ती वैतागून सांगायला लागली. "बाकी सगळं करतात हो. रात्रीची भांडी घासतील, माझे कप विसळतील, इराचा कॉफीचा मग घासून ठेवतील. पण स्वतःचा चहाचा कप? हात लावणार नाहीत! बसल्या जागी ठेवून उठतात. मी एकदा म्हटलं, पप्पा, सिंकमध्ये तरी ठेवा. तर म्हणाले, तुझे दहा धुतो, माझा एक तू धू. हा कसला इगो?" मीही मान हलवली. पुरुषांचे ताठे मला ठाऊक आहेत, आमच्या घरात त्यांची कमतरता नाही.

तात्यांचा दिवस ठरलेला होता. ऊन उतरलं की ते खाली येत. इमारतीच्या नातूरला, म्हणजे आमच्या पठाण वॉचमनला, हिंदीत दोन प्रश्न विचारत, मग कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी जाऊन उभे राहत. तिथून कामगारांच्या बसेस जात. साइटवरून सुटलेली माणसं, निळ्या डांगरीतली, खिडकीला डोकं टेकून झोपलेली. कुणी दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पकडे, कुणी अजमानच्याच इंडस्ट्रियल भागात. तात्या प्रत्येक बसला हात वर करत. एखादा जागा असला तर तोही आतून हात हलवी. मी एकदा गाडी थांबवून विचारलं, तात्या, ओळखीचं कुणी आहे का? तर म्हणाले, "एवढा निळा रंग एका ठिकाणी बघायची सवय आहे ताई आपल्याला. फक्त आपल्याकडं ते गप्प नसायचे." मग गाडीत बसता बसता म्हणाले, "इथं माणसं लई गप्प चालतात."

कपाची गोष्ट त्यांनी मला हिवाळ्यात सांगितली, कॉर्निशवरच्या बाकावर. समोर समुद्र, मागे पोरांच्या सायकली. मी सहज, थोड्या खवचटपणानंच विचारलं होतं, "तात्या, स्वतःचा कप न धुण्याचा पण केलाय का तुम्ही?"

"व्हय. केलाय," म्हणाले.

सोलापुरात तेव्हा गिरण्या जोरात होत्या. गिरणीच्या भोंग्यावर शहर उठायचं आणि जेवायचं. गिरणीच्या दारासमोर एक हॉटेल होतं, पाळी सुटली की सगळे तिथे चहाला. सगळे म्हणजे बाकीचे आत, बाकावर. तात्यांच्या वस्तीतल्या माणसांसाठी बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेले कप पालथे ठेवलेले असत. आपला कप आपण घ्यायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जाई. उभ्यानं प्यायचा, नळावर विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. "आमचा बाप असाच प्यायला. त्याला वाईट वाटायचं असं नाही हं. चहा चांगला असायचा," तात्या म्हणाले.

तात्या तेव्हा नुकतेच मास्तर झाले होते. वस्तीतली पाचसहा तरुण पोरं जमवून ते एक दिवस सरळ आत जाऊन बाकावर बसले आणि चहा मागितला. मालकानं भट्टी विझवली. हे उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. पुन्हा भट्टी विझली. गिरणीतली बाकीची माणसं चहा मिळेना म्हणून यांच्यावरच चिडली. एक दिवस मागून कुणीतरी उकळत्या चहाचं पातेलं ओतलं. तो कानाखालचा डाग त्या दिवशीचा. मग वस्तीतल्या बायका निघाल्या, शाळेपासून कलेक्टर कचेरीपर्यंत मोर्चा गेला, तात्या पट्टी बांधलेल्या मानेनं एका हातगाडीवर उभे राहून बोलले. "तेव्हा आवाज फुटला तो फुटला, पुन्हा बसला नाही," म्हणाले.

शेवटी मालक नमला. आत बाकावर बसवून, कान असलेल्या कपांत, चहा दिला. हे प्यायले. "काय चव होती म्हणता?" तात्यांनी मलाच विचारलं आणि मलाच उत्तर दिलं. "काही कळलं नाही. सगळं लक्ष मालकाकडं होतं." चहा संपला तसा मालक गल्ल्यावरूनच म्हणाला, झालं ना मनासारखं? आता विसळून ठेवा. आणि पोरं उठली की! सवयच ती. मारुती म्हणून तात्यांचा जिवलग दोस्त, तो तर कप घेऊन नळाकडे निघालासुद्धा. तात्यांनी त्याचं मनगट धरलं. म्हणाले, ठेव खाली.

"ताई, चहा मिळाला तो अर्धाच मोर्चा होता. कप खाली ठेवला तेव्हा पुरा झाला."

"मग मालकानं धुतले?" मी विचारलं.

"छे! आमच्यासमोर गटारात फोडले. एकेक करून. पण फोडले ते त्यानं, विसळले नाहीत आम्ही. पुढं त्यालाच परवडेना. किती कप फोडणार? कोनाडा एक दिवस विटा लावून बुजवला." कप खाली ठेवला म्हणून मार खाल्लेल्या मारुतीच्या पोटात आयुष्यभर दुखत राहिलं आणि त्याच दुखण्यानं तो गेला. मरताना त्यानं तात्यांना हसून विचारलं होतं म्हणे, मास्तर, कप खालीच ठेवताव ना अजून? त्या दिवसापासून तात्यांनी आपला उष्टा कप कधी धुतला नाही. बायको होती तोवर तिचा ते धूत, त्यांचा ती.

मी घरी आले तेव्हा मृणालला सांगावंसं वाटलं. पण मृणालला हे ठाऊक नसेल असं थोडंच होतं? ती त्यांच्यातलीच होती, पुण्यात वाढलेली. निशिकांतला तर ठाऊक होतंच. त्यानं एकदा पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीतून पाण्याच्या बाटल्या काढता काढता मला सांगितलं, "ताई, तुम्हाला वाटत असेल मी कसला मुलगा. पप्पांनी कप मिळवला, मान्य. पुढचं मी भोगलंय. कॉलेजात हजेरी घेताना सर माझ्या नावापाशी आले की थांबायचे. एवढंसं थांबायचे. वर बघायचे, मग पुढे जायचे. इंटरव्ह्यूत तेच. पहिल्या ऑफिसात तेच. मला इराच्या नावापाशी कुणी थांबायला नकोय. खलास." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचाही राग धरता येईना आणि तात्यांची बाजूही सोडता येईना. अशा वेळी माणूस बाटल्या उचलायला मदत करतो, ती मी केली.

इरा त्यांची एकुलती एक. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली, शारजात युनिव्हर्सिटीत जाणारी. मराठी कळायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. आजोबांवर तिचा जीव होता. त्यांना फोन वापरायला तिनं शिकवलं, त्यांच्या मोठ्या आवाजाचे व्हिडिओ काढले. पण घरात काही विषयांवर बोलायचं नसतं हे तिला लहानपणापासून न सांगता कळलं होतं. तात्यांच्या बॅगेत निळ्या कोटातली एक तसबीर होती. ती भिंतीवर कधी लागली नाही. इरानं ती कुणाची म्हणून कधी विचारलं नाही.

त्या वर्षी तिला कॉलेजात प्रेझेंटेशन होतं. अमेरिकेतल्या एका दक्षिणेकडच्या शहरात काळ्या विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनावर. दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांनी बसायचं, यांना उभ्यानं पुडीत बांधून मिळायचं, म्हणून ही पोरं जाऊन त्या स्टुलांवर बसली. मी त्यांच्याकडे दही मागायला गेले होते, तेव्हा इरा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन तात्यांना फोटो दाखवत होती. इस्त्रीचे कपडे घातलेली तीन पोरं काउंटरला बसलीयत आणि मागे उभे असलेले लोक त्यांच्या डोक्यावर काहीतरी ओततायत.

तात्या चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपल्या कानाखाली हात नेला. "ह्यांना काय गरम ओतलं का गार?" त्यांनी विचारलं.

"I don't know, Ajoba. Ketchup, sugar, stuff like that."

"आमच्यावर गरम होतं," तात्या म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. कोनाडा, भट्टी, मारुती, मोर्चा. इरा तोंडावर हात ठेवून ऐकत होती. "Oh my God, Ajoba. You did this? You actually did this? आणि मला कुणी सांगितलंच नाही?" वाक्याचा शेवट तिनं चक्क मराठीत केला. तिनं त्यांच्या मानेवरचा डाग बोटानं हळूच चाचपला. मी इतकी वर्षं माणसं बघतेय, पण तात्यांचा तेव्हा झाला तसा चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. इतका आनंद झाला होता त्यांना की ते गप्प बसले. मृणाल स्वयंपाकघराच्या दारात दह्याची वाटी घेऊन उभी होती. तिनं ती माझ्या हातात दिली आणि माझ्या मागे दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस तात्या मला भेटतील तिथे तारखेची आठवण करून देत. "इराचं गुरुवारी आहे हं. शेवटी आपल्याकडचं पण टाकणार आहे." गुरुवार आला. वर्गानं उभं राहून टाळ्या वाजवल्या, सरांनी कौतुक केलं. संध्याकाळी तात्या खालीच तिची वाट बघत होते, सिग्नलला गेले नव्हते. मी भाजी घेऊन येत होते.

"आमचं सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

इरानं बॅगेचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "Ajoba, Papa said no. Anish also is in that class, and… it's complicated. Next time, okay? इन्शाल्ला."

"बरं. त्या अमेरिकेतल्या पोरांचं तरी नीट सांगितलंस ना?" तात्या म्हणाले. हो म्हणाली. "मग झालं," म्हणाले आणि तिची बॅग स्वतः घेऊन वर गेले. अनिश म्हणजे तिच्या वर्गातला मुलगा, पुण्याच्या घरातला, दुबईत वाढलेला. दोघांचं जमलं होतं, आणि दोन्ही घरांना ते कळलं होतं.

आता सत्यवतीबद्दल सांगायला हवं. ही त्यांच्याकडे कामाला येणारी बाई, आंध्राकडची. सोलापुरात तेलुगू विणकरांच्या वस्तीचा शेजार असल्यानं तात्यांना मोडकं तेलुगू येई. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणारा म्हातारा मिळाल्यावर सत्यवती खूश होती. लादी पुसताना ती आणि तात्या मोठमोठ्यानं बोलत. तीही त्यांना 'तात्या'च म्हणे, तिच्या भाषेत आजोबांना 'तातय्या' म्हणतात म्हणे.

तिचा चहा मृणाल एका स्टीलच्या पेल्यात देई. तो पेला बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर पालथा असे. तात्या बाल्कनीत सहसा जात नसत. त्या उन्हाळ्यात कपडे वाळत घालायला गेले आणि त्यांनी तो पाहिला. सत्यवती चहा पिऊन, नळाखाली पेला विसळून, परत मशीनवर पालथा घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दारातून मृणालचा आवाज आला, तोही तात्यांइतका मोठा. "पप्पा, तो सत्यवतीचा पेला आहे!"

"ठाऊक आहे," तात्यांचा आवाज.

त्यांनी सत्यवतीला चहा आपल्या कपात दिला होता आणि स्वतः तिच्या पेल्यात घेऊन बाल्कनीत बसले होते. जुलैतली अजमानची बाल्कनी, तिथे कुंडीतली तुळससुद्धा जगत नाही. मृणाल म्हणाली हायजीनचा प्रश्न आहे, ती चार घरी जाते. निशिकांत म्हणाला पप्पा, प्लीज, इथे तमाशा नको. तात्या म्हणाले, तिला आत कपात चहा द्या, मी आत येतो. असं रोज चाललं. सत्यवती यायच्या वेळेला तात्या बाल्कनीत जाऊन बसत, घामानं शर्ट अंगाला चिकटे, पण उठत नसत. त्या दिवसांत ते मला दहा वर्षांनी तरुण दिसले. लिफ्टमध्ये भेटले की विचारत, "काय ताई, येताव का मोर्च्यात?" मी हसायचे. मलाही वाटत होतं, मृणाल किती दिवस ताणेल?

मृणालनं ताणलं नाही. तिनं सत्यवतीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

सत्यवती निरोप घ्यायला आली तेव्हा मी माझ्या दारात होते. तिनं तात्यांसमोर हात जोडले. रडत होती. तेलुगूत भराभर काहीतरी बोलत होती, मला एकच शब्द कळत होता, कारण तो ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वद्दु, तात्या, वद्दु. नको, तात्या, नको. ती लिफ्टनं गेल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? तात्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला होता. पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं ऐकायला पुढे सरकावं लागलं.

"म्हणाली, मला पेला चालत होता. तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

 तात्यांच्या मोर्चात मारुतीनं मार खाल्ला होता, पण मारुती स्वतःहून बाकावर बसला होता. ही बाई कुठे बसली होती? हे मी बोलले नाही, पण तात्यांना ते माझ्याआधी कळलेलं होतं. नंतर एक दिवस सिग्नलपाशी उभे असताना ते म्हणाले, "तिला न विचारता तिचा मोर्चा काढला मी. मार तिनं खाल्ला." बसेस जात होत्या. त्यांनी हात वर केला नाही.

त्यानंतर तात्या उतरणीला लागले. घरात नवी बाई आली, पेला तिला मिळाला. तात्या परत जातो म्हणत, पण जाणार कुठे? बायको गेलेली, वस्तीतलं घर विकून टाकलेलं, सोबतची माणसं एकेक करून संपलेली. व्हिसा मुलाच्या हातात, औषधं सुनेच्या. स्वतःचा कप ते अजून जागेवरच ठेवत होते, मृणाल तो न बोलता उचलत होती. एवढी एकच गोष्ट त्यांच्याजवळ उरली होती.

अनिशच्या घरचे बोलणी करायला येणार ठरलं, तेव्हा मृणालनं मला मदतीला बोलावलं. आमचं रुवैसला जायचं नक्की झालं होतं, माझ्या घरात खोक्यांचा ढीग होता, पण मी गेले. वड्या थापताना मृणाल हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना सांगितलंय, पप्पांना ऐकू येत नाही. म्हणजे प्रश्नच नको. गाव कुठलं, काय करत होता, काही नाही. पप्पा हो म्हणालेत."

"तात्या हो म्हणाले?"

"इरानं विचारलं त्यांना. तिला नाही म्हणवत नाही त्यांच्याच्यानं." बोलता बोलता तिचा हात थांबला. "मला बरं वाटतंय असं समजू नका ताई."

दुपारी पाहुणे आले. माणसं खरोखर चांगली होती. त्यांना काही वाटलं असतं की नसतं, मला आजही सांगता येत नाही, कारण ते कळायला आम्ही कुणी वावच ठेवला नव्हता. तात्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. अनिशच्या आईनं वाकून नमस्कार केला आणि मोठ्यानं विचारलं, "आजोबा, बरे आहात ना?" तात्यांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. मैदानं गाजवलेला माणूस बहिरा होऊन बसला होता. मला ते बघवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन चहा गाळला.

चहा आणि वड्या देऊन मी दाराशी उभी राहिले. बोलणं इराच्या अभ्यासाकडे वळलं होतं. अनिश आपल्या आईवडिलांना कौतुकानं सांगत होता, "You should have seen her presentation. Everybody was crying. Imagine, people getting beaten up just to sit and have a cup of coffee."

त्याचे वडील मान डोलावत म्हणाले, "भयंकर आहे हे. आपल्याकडे असं नव्हतं म्हणा. निदान शहरांतून तरी नव्हतं."

 निशिकांत गालिच्याकडे बघत होता. इरानं आजोबांकडे पाहिलं. तात्या तिच्याकडेच बघत होते, कप ओठांशी धरून. तिला वाटलं असतं तर त्या एका क्षणात ती म्हणू शकली असती, माझ्या आजोबांना विचारा. तिचे ओठ हललेसुद्धा.

"Yeah," इरा म्हणाली.

तात्यांनी उरलेला चहा संपवला. मग ते उठले, आणि मी बघितलं तर कप त्यांच्या हातात होता.

माझ्या बाजूनं ते स्वयंपाकघरात आले. नळ सोडला. कप आतून विसळला, बाहेरून विसळला, कानाच्या आत बोट घालून तिथलंही धुतलं. मी म्हटलं, "तात्या, अहो ठेवा तो. मी धुते." त्यांनी मागे पाहिलं नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "तात्या, मी कप धुते म्हणतेय ना. ठेवा खाली!" माझा आवाज चढला होता, त्यात रडू होतं, ते बाहेर ऐकू गेलं असेल तर जाऊ दे असं मला वाटत होतं. तात्यांनी नळ बंद केला. कप निथळायच्या जाळीवर ठेवला नाही. बाल्कनीचं दार सरकवून ते बाहेर गेले आणि वॉशिंग मशीनवर, त्या स्टीलच्या पेल्याशेजारी, त्यांनी आपला कप पालथा घातला.

मग शर्टाला हात पुसत ते परत बैठकीत जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मी तात्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. दोन दिवसांनी आमचं सामान रुवैसला हललं.

अनिशच्या आईला दारातून सगळं दिसलं होतं. ती कौतुकानं मृणालला म्हणाली, "किती गोड आहेत हो आजोबा! या वयात स्वतःचा कप स्वतः धुतात. आमच्याकडच्या पुरुषांनी शिकावं काहीतरी!"

सगळे हसले. तात्यांना ते ऐकू आलं नाही.